दोन प्रोग्रॅममधला सांधा



आज एका प्लेअरविषयी बोलायचं आहे. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, अल्बमची चित्रं नाहीत. टर्मिनलवर त्याचं नाव टाइप करायचं, पुढे गाण्याच्या फाइलचं नाव, एंटर दाबायचं की गाणं सुरू. लिनक्सवर असे प्लेअर पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे त्याचं वेगळेपण इतकंच, की त्याला एमपी३ म्हणजे काय ते ठाऊक नाही. फ्लॅक, ओग, ओपस यांतलंही त्याला काही कळत नाही. फाइल उलगडून तिच्यातून आवाज काढण्याचं काम तो बाहेरच्या डिकोडरवर सोपवतो. एमपी३ असेल तर एमपीजी-१२३, फ्लॅक असेल तर फ्लॅकचाच डिकोडर, बाकी सगळ्यासाठी एफएफएमपेग. हे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं त्याच कामात मुरलेले आहेत. माझ्या प्लेअरला ते काम त्यांच्याइतकं चांगलं कधीच जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. त्याचं काम या प्रोग्रॅममधला सांधा सांभाळण्याचं. आज त्या सांध्याविषयीच सांगणार आहे, कारण सगळं कसब तिथेच लागतं.

डिकोडर करतो काय, ते आधी पाहू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, डाव्या कानाचे वेगळे, उजव्या कानाचे वेगळे, आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. तीन मिनिटांचं भावगीत घेतलं तर ३,१७,५२,००० बाइट. एवढा ऐवज एमपी३ साधारण दहाव्या हिश्शात बसवतं, तेही कानाला जे फारसं ऐकू येत नाही ते गाळून. डिकोडरने ही गाठोडी सोडायची आणि नमुन्यांचा अखंड ओघ बाहेर काढायचा.

हा ओघ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची सोय म्हणजे पाइप. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेत पाणी घालायच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ते प्रत्यक्षात आणलं. तेव्हापासून एक उभी रेघ टाइप केली की अलीकडच्या प्रोग्रॅमचं बाहेर पडणारं पलीकडच्याच्या आत जातं. एमपीजी-१२३ ला सांगा, आवाज स्वतः वाजवू नकोस, नुसते नमुने बाहेर टाक. मग उभी रेघ, आणि पुढे साउंडकार्डाला नमुने पोचवणारा एप्ले. झाला प्लेअर. एका ओळीचा.

तेवढ्यावर थांबता मात्र येत नाही. नमुन्यांच्या त्या ओघावर कसलंही लेबल नसतं. सेकंदाला किती नमुने आहेत हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, ते पलीकडच्याने गृहीत धरायचं. आता व्हिडिओतून काढलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा ४८,००० च्या दराचं असतं. ते ४४,१०० समजून वाजवलं तर काय होईल? गाणं रेंगाळतं, आणि स्वर पेटीवरच्या जवळजवळ दीड पट्टीने खाली येतो. काळी एकमध्ये लावलेला षड्ज पांढरी एकच्याही खाली जातो. ज्याला गाण्याचं अंग आहे त्याला पहिल्या तानपुऱ्यालाच ते खटकेल. बाकीच्यांना नुसतं वाटत राहील की आज बुवांचा आवाज जरा जड आहे. म्हणून प्लेअरने आधीच ठरवायचं, की माझ्या दारात येणारा ओघ एकाच रूपात यावा. एमपीजी-१२३ ला आणि एफएफएमपेगला दर सांगितला की ते बदलून देतात. फ्लॅकचा डिकोडर मात्र फाइलमध्ये जे आहे तेच देतो, त्याच्यापुढे सॉक्स नावाचा आणखी एक प्रोग्रॅम जोडावा लागतो. सॉक्स १९९१ पासून हेच काम करतो आहे.

दुसरी गोष्ट अशीच लहान दिसणारी. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला बाहेर पडायला दोन वाटा असतात, एक मालाची आणि एक तक्रारींची. डिकोडर आपले निरोप, सूचना, चुका दुसऱ्या वाटेने पाठवतो. त्या वाटा चुकून एकत्र केल्या तर ती अक्षरंही नमुने समजून स्पीकरवर वाजतात, आणि ऐन आलापात टक्क असा आवाज येतो. वाटा वेगळ्या ठेवायच्या, आणि तक्रारींची वाट सतत वाचत राहायची. ती वाचली नाही तर ती तुंबते, आणि तिच्यापायी डिकोडरही अडून बसतो.

आता खरी गंमत. डिकोडर आणि साउंडकार्ड यांच्या मधोमध प्लेअर उभा राहिला, की हातातून जाणारा प्रत्येक बाइट त्याला मोजता येतो. किती बाइट गेले त्याला १,७६,४०० ने भागलं की गाणं कितव्या सेकंदाला आहे ते कळतं. डिकोडरला विचारावं लागत नाही, घड्याळही लावावं लागत नाही. साउंडकार्डात अजून न वाजलेलं किती पडलं आहे तेवढं वजा करायचं.

गाणं मध्येच थांबवायचं असेल तर? सहज सुचतं ते डिकोडरला थांबण्याचा सिग्नल द्यायचं. पण लिनक्सच्या पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त आवाज. डिकोडर थांबला तरी तेवढं वाजून जातं. बोट दाबल्यावर गाणं जागच्या जागी थांबलं नाही तर माणसाला ते लगेच जाणवतं. म्हणून डिकोडरला हात लावायचाच नाही. साउंडकार्डाला थांबवायचं आणि आपण वाचणं बंद करायचं. पाइप भरतो, डिकोडरचं पुढचं लिहिणं अडतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला झोपवून ठेवते. प्रोसेसरवर काडीचा भार नाही. रात्रभर थांबवून ठेवा, सकाळी पुन्हा वाचायला लागलं की डिकोडर त्याच नमुन्यापासून पुढे निघतो. यासाठी मला एक ओळही लिहावी लागली नाही, कारण ही शिस्त पाइपच्या रचनेतच आहे. संगणकशास्त्रात मला जी थोडी कामं मनापासून सुंदर वाटतात, त्यांतलं हे एक.

गाणं पुढे सरकवणं इतकं सरळ नाही. त्यासाठी चालू डिकोडर बंद करून नवा सुरू करायचा आणि त्याला सांगायचं, एक मिनिटापासून उलगड. पण प्रत्येकाचं माप निराळं. एफएफएमपेगला सेकंद चालतात. फ्लॅकला मिनिट-सेकंद चालतात आणि नमुन्यांचा आकडाही चालतो. एमपीजी-१२३ फ्रेम मोजतो. एमपी३ च्या फ्रेममध्ये १,१५२ नमुने, सेकंदाला ३८ फ्रेमच्या वर थोड्या, म्हणजे एक मिनिट पुढे जायचं तर सुमारे २,२९७ फ्रेम सोडायच्या. म्हणून प्लेअरजवळ एक छोटा तक्ता असतो. फाइलचा प्रकार कोणता, डिकोडर कोणता, त्याला पुढे कसं सरकवायचं, त्याच्याकडून कच्चे नमुने कसे मागायचे. नव्या प्रकारची फाइल आली की तक्त्यात एक ओळ वाढवायची, बाकी प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत पुष्कळदा दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात. गायकाने मात्र श्वासही न तोडता एकातून दुसऱ्यात प्रवेश केलेला असतो. तिथे अर्ध्या सेकंदाची पोकळी पडली तर बैठकच मोडते. ती टाळायची तर दोन ट्रॅकच्या मध्ये साउंडकार्ड बंद करायचं नाही, आणि पहिला डिकोडर संपायच्या आत दुसरा सुरू करून त्याचा पाइप भरून तयार ठेवायचा. एमपी३ मध्ये आणखी एक अडचण आहे. एनकोडर गाण्याच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडतो. लेम हा एनकोडर किती जोडली त्याची नोंद फाइलच्या सुरुवातीला करून ठेवतो, आणि एमपीजी-१२३ ती वाचून तेवढं छाटून टाकतो. हे शहाणपण मला आयतं मिळालं.

फाइलच्या नावांविषयी एकच सांगतो. नाव शेलच्या ओळीत चिकटवून डिकोडरला देऊ नये. नावात मोकळी जागा असते, अवतरणचिन्ह असतं, अर्धविराम असतो, आणि शेल त्यांचा भलताच अर्थ लावतो. नाव स्वतंत्र घटक म्हणूनच हातात द्यावं.

बाहेरच्या डिकोडरवर विसंबण्याची पद्धत रुजायला कायद्याचंही एक कारण होतं. एमपी३ चं प्रमाणक १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्यावर पेटंटं होती. त्यामुळेच २००२ मध्ये रेड हॅट लिनक्सने आपल्या आठव्या आवृत्तीतून एमपी३ ची सोय काढून टाकली. ज्या प्लेअरच्या पोटातच डिकोडर होता त्यांची तिथे पंचाईत झाली. डिकोडर बाहेर ठेवणाऱ्यांना काही बदलावं लागलं नाही, वापरणाऱ्याने तो वेगळा आणून बसवला की झालं. एमपी३ च्या परवान्यांची योजना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाली आणि तो प्रश्न मिटला. पण जुन्या ठेव्याचा प्रश्न उरतोच. २००० सालच्या सुमारास वेबवर भारतीय गाणी बरीचशी रिअलऑडिओत असायची. परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी घरांत ती त्याच रूपात उतरवून ठेवलेली आहेत. त्या काळचा प्लेअर आज कुठल्या संगणकावर चालणार? एफएफएमपेगला मात्र ती रूपं उलगडता येतात. तक्त्यात त्यासाठी एक ओळ आहे.

गाण्याच्या माहितीचंही असंच. एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक जुनी पट्टी असते, आणि तिच्यात गायकाच्या नावाला ३० बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी चिन्हाला तीन. भीमसेन जोशी हे नाव मोजा. मात्रा-वेलांट्या धरून दहा चिन्हं, त्यांचे ३०, आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक. झाले ३१. एका बाइटने नाव बसत नाही, शेवटची वेलांटी तुटते आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. नंतरच्या पद्धतीत ही मर्यादा नाही. म्हणून प्लेअरने आधी नव्या पद्धतीची माहिती मागावी, ती नसेल तरच जुनी पट्टी वाचावी, आणि अर्धवट तुटलेलं चिन्ह दाखवण्याऐवजी गाळावं. आपल्या गायकांची नावं नीट दिसणं मला आवाजाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि हे सगळं टर्मिनलवरच का? पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने संगणक चालवणारे अनेक दृष्टिहीन रसिक आहेत. चित्रांनी भरलेल्या खिडकीपेक्षा साध्या ओळी त्यांना सोयीच्या. पण बरेच प्लेअर दर सेकंदाला वेळ नव्याने छापतात, आणि मग वाचून दाखवणारा आवाज गाण्यावर बोलत सुटतो. माझा प्लेअर आपणहून काही छापत नाही. एक कळ दाबली की एकाच ओळीत गायक, राग, झालेला वेळ आणि उरलेला वेळ सांगतो.

कुणाला करून पाहायचं असेल तर सुरुवात फ्लॅक आणि एमपीजी-१२३ या दोघांपासूनच करा. पहिल्याला वेळेची भाषा कळते, दुसऱ्याला फ्रेमची, दर मात्र दुसरा बदलून देतो, पहिला देत नाही. या दोघांशी जुळणारा तक्ता झाला की एफएफएमपेग त्यात सहज बसतो.