झांकीचा ट्रक आणि अल्टरनेटरचा हिशेब

(मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत एक सूचना आली. अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी दरवर्षी जनरेटर भाड्यानं आणावा लागतो. त्याच्या घरघरीत आरती ऐकू येत नाही आणि धूर मागून चालणाऱ्या बायकामुलांच्या नाकातोंडात जातो. ट्रक तर आपल्याच एका सभासदाचा आहे. तेव्हा त्याला मोठा अल्टरनेटर बसवावा आणि दिवे, माईक, सगळं त्यावरच चालवावं. आम्ही सरकारी वर्कशॉपात गाड्यांचीच दुरुस्ती करतो, म्हणून यावर बोलायला आम्हाला उभं केलं आहे. सूचना चांगली आहे, पण अर्धी आहे. राहिलेली अर्धी सांगतो.

आपल्या इंदूरला झांकीचं कौतुक कुणी कुणाला सांगायला नको. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, या गिरण्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या बंद पडल्या नाहीत. आपला एक ट्रक त्यांच्यापुढे लहानच. पण रात्र त्यालाही तेवढीच काढावी लागते, आणि तीसुद्धा मुंगीच्या पावलांनी. दहा पावलं पुढे, पंधरा मिनिटं उभं. अल्टरनेटरचा सगळा प्रश्न या चालीत आहे.

आधी साधा हिशेब करू. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, म्हणून 24 व्होल्ट मिळतात. दोन्ही शंभर अँपिअर-अवरच्या, म्हणजे दोनशे झाले, असं पुष्कळ जण धरतात. तसं होत नाही. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर शंभरच राहतात. त्यातलेही निम्मेच वापरायचे. त्याखाली गेलं की सकाळी स्टार्टर नुसता टक टक करतो.

आता झांकीचा लोड. पन्नास वॉटचे आठ एलईडी फ्लड म्हणजे 400 वॉट, माळा 100, माईक आणि अँप्लिफायर 300, देखावा फिरवायची मोटर 100. झाले 900 वॉट. हे 220 व्होल्टवर चालणार, म्हणजे मध्ये इन्व्हर्टर आला, आणि तो आपला वाटा खातो. बॅटरीकडून साधारण 1060 वॉट उचलले जातील, म्हणजे 24 व्होल्टवर 44 अँपिअर. शिवाय ट्रकचे स्वतःचे दिवे, आणि भाद्रपद आहे म्हणून वायपर, असे दहा धरा. एकूण 54.

जुन्या ट्रकच्या अल्टरनेटरवर 45 अँपिअर लिहिलेलं असतं. तरुण मंडळी म्हणतील, नऊच कमी पडतात. पण तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला सहा हजार फेरे फिरतो तेव्हाचा असतो. इंजिन स्लोवर साडेसहाशे फेऱ्यांनी चालतं. पुलीच्या हिशेबानं अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीनपट, म्हणजे सतराशे-अठराशे फिरतो. तेवढ्यावर लिहिलेल्याच्या निम्मेही मिळत नाहीत. वीस मिळाले असं धरा. उरलेले 34 अँपिअर प्रत्येक क्षणी बॅटरीतून जातात. वापरायला पन्नास अँपिअर-अवर आहेत, म्हणजे दीड तास पुरतील. रात्र दीड तासाची नसते. पहाटे ट्रक बंद पडला की मागची अख्खी रांग थांबते आणि मूर्ती वर असताना, आजूबाजूला पोरं असताना, तो धक्क्यानं चालू करायची पाळी येते. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, हे ढकलणाऱ्यांच्या लक्षात नसतं.

म्हणून मोठा अल्टरनेटर घ्यायचाच तर दुकानात 'किती अँपिअरचा' एवढंच विचारून येऊ नका. 'स्लोवर किती देतो' हे विचारा. कंपनीच्या कागदावर फेरे आणि अँपिअर यांचा आलेख असतो, तो पाहा. वातानुकूलित बसला लागणारे 24 व्होल्टचे मोठे अल्टरनेटर मिळतात. त्यातही कमी फेऱ्यांवर जास्त देणारा निवडायचा. पुली लहान करून फेरे वाढवण्याची युक्ती मिस्त्री सुचवतील. ती चालते, पण हाच ट्रक उद्या देवासच्या रस्त्यानं माल घेऊन पळणार आहे. तेव्हा अल्टरनेटर सोसवेल त्यापेक्षा जास्त फिरणार नाही, एवढं आधी मोजून घ्या.

आता पट्टा. शंभर अँपिअर, 28 व्होल्ट म्हणजे 2800 वॉट. अल्टरनेटर इंजिनाकडून घेतो त्यातलं साधारण साठ टक्केच विजेच्या रूपानं परत देतो. म्हणजे इंजिनावर सहा हॉर्सपॉवरचा भार पडतो, आणि तो सगळा पट्ट्यावरून जातो. जुना एकेरी व्ही-पट्टा तिथं घसरतो, चिरकतो, जळतो. दुहेरी पट्टा किंवा खाचांचा रुंद पट्टा हवा, आणि ब्रॅकेटही तसंच दणकट हवं. वेल्डरकडून पट्टी ठोकून बसवलेलं ब्रॅकेट थोडं जरी तिरपं असलं तरी पट्टा टिकत नाही.

वायर ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. मिस्त्री अल्टरनेटर बदलतात आणि वायर जुनीच ठेवतात. 6 चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरमधून शंभर अँपिअर नेले तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातात. दीड गुणिले शंभर म्हणजे दीडशे वॉट. एवढी उष्णता त्या वायरच्या अंगात, ताडपत्री आणि थर्माकोलच्या शेजारी! तीच वायर 35 चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्ट जातो. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी ही अर्थची पट्टीही तितकीच जाड हवी, कारण गेलेला प्रवाह तिथूनच परत येतो. थिंबल दाबून बसवायचं, हातानं पिळून नाही. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, हातभराच्या आत. वायर घासून चासीला टेकली तर आगीला लागणारा प्रवाह बॅटरीतूनच येतो. फ्यूज दुसऱ्या टोकाला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते.

एक सवय इथं अनेक मंडळांत पाहतो. 12 व्होल्टचा स्टिरिओ किंवा एलईडीची पट्टी चालवायला दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. चालतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ती एक बॅटरी रिकामी होत जाते आणि दुसरी भरलेली राहते. अल्टरनेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते, त्यामुळे भरलेली जास्त तापते, तिचं पाणी उडतं, आणि रिकामी कधीच पुरती भरत नाही. वर्षभरात दोन्ही जातात. मग बॅटरीवाल्याला शिव्या. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा, बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो.

आमचं मत विचाराल तर अल्टरनेटरच्या आधी एक वेगळी बॅटरीजोडी घ्या. इंजिन सुरू करायची जोडी निराळी, झांकीची निराळी, आणि मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा-तोडणारा रिले. इंजिनाची बॅटरी भरली की झांकीची भरायला लागते, आणि व्होल्ट उतरले की दोघी सुटतात. झांकीचे दिवे गेले तरी ट्रक आपल्या पायांनी घाटावर पोचेल. झांकीची जोडी आदल्या रात्री चार्जरवर पूर्ण भरून आणायची. पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर भरायला लावणं म्हणजे त्याला जाळायला घेणं.

लोड दीड हजार वॉटच्या आत असेल तर मोठा अल्टरनेटर, वेगळी बॅटरी आणि जाड वायर, एवढ्यावर भागेल, आणि आरती ऐकू येईल. दोन हजारांच्या पुढे जायचं असेल, मोठे साउंड बॉक्स लावायचे असतील, तर मुकाट्यानं जनरेटर आणा. तिथं अल्टरनेटरचा हट्ट आम्हाला पटत नाही. आणि ट्रक 2020 नंतरचा बीएस-6 असेल तर हात लावू नका. त्यातला अल्टरनेटर बऱ्याचदा कंप्युटरच्या हुकमानं चालतो, बाहेरचा बसवला तर वॉरंटीही जाते. आपला ट्रक जुना आहे, म्हणूनच हे बोलणं चाललं आहे.

सजावट करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ट्रकवर सांगाडा वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं सोडा, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह अल्टरनेटरचे डायोड उडवतो. उलट, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधीही काढू नका, तेव्हाही व्होल्ट एकदम उसळून डायोड जातात. दुसरं, ट्रकच्या तोंडावर हत्तीचं मस्तक आणि खाली जमिनीपर्यंत झालर, हे दिसतं छान, पण रेडिएटरची हवा बंद होते. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच फेऱ्यांवर चालतो, स्लोवर आधीच मंद. त्यात बोनेटखाली गरम हवा कोंडली की तो अजूनच कमी देतो. मस्तक दीड हात वर घ्या, जाळी मोकळी राहू द्या.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी चाचणी घेऊ. बोनेट बंद, झालर लावलेली, सगळे दिवे आणि माईक चालू, इंजिन स्लोवर, सलग तीन तास. तिसऱ्या तासाला बॅटरीवर 27 व्होल्टच्या वर दिसले तर ठीक. 25 आणि खाली उतरत असतील तर अल्टरनेटर पुरत नाही, मग त्याच दिवशी फ्लड कमी करायचे की जनरेटर सांगायचा ते ठरवू. क्लॅम्प मीटर आम्ही आणतो. ट्रक, झालर आणि सगळे दिवे मात्र त्या दिवशी सकाळी नऊला मैदानात तयार हवेत.