कुलाबा टर्मिनस : एका अल्पायुषी स्थानकाचा इतिहास

रेल्वेच्या इतिहासात स्थानकांच्या जन्माच्या नोंदी ठळकपणे आढळतात. पहिली गाडी कोणत्या दिवशी सुटली, उद्घाटनास कोणते गव्हर्नर उपस्थित होते, हे सारे लिहून ठेवलेले असते. स्थानकाच्या मृत्यूविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. रूळ उचलले जातात, इमारत पाडली जाते आणि दोन पिढ्यांत तेथे कधी काळी गाडी येत होती हेही लोकांच्या ध्यानात राहत नाही. मुंबईच्या दक्षिण टोकाला असलेले कुलाबा टर्मिनस हे अशा विस्मृतीचे ठळक उदाहरण आहे. त्याची भव्य इमारत १८९६ साली वापरात आली आणि १९३० सालच्या अखेरच्या दिवशी स्थानक बंद झाले. इमारतीचे आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे. ते इतके अल्प का ठरले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या जागेचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट होईल. कुलाबा हे मुळात बेट. मुंबईच्या मुख्य भूमीत आणि त्यात खाडी होती. ओहोटीच्या वेळी माणसे पायी जात, भरतीच्या वेळी होडीचा आश्रय घेत. १८३८ साली बांधीव रस्ता, म्हणजे कुलाबा कॉजवे, पूर्ण झाला आणि बेट शहराला जोडले गेले. पाठोपाठ १८४४ साली कापसाचा व्यापार तेथे आला. किल्ल्यासमोरील मैदानात कापसाचे गठ्ठे पडून राहणे गैरसोयीचे व धोक्याचे होते. कुलाब्यास मोकळी जागा होती आणि समुद्र हाताशी होता. अशा रीतीने कोळ्यांच्या आणि लष्कराच्या वस्तीशेजारी कापसाची पेठ उभी राहिली. पुढे रेल्वे कुलाब्याकडे ओढली गेली ती मुख्यतः या पेठेमुळे.

ती रेल्वे म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. बोरीबंदरहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी नेणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही निराळी कंपनी. बी. बी. अँड सी. आय. कंपनीची स्थापना १८५५ सालची; तिचे काम गुजरातेत सुरू झाले आणि तेथून दक्षिणेकडे सरकत तिचा मार्ग नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचला. गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात आणणे हे तिचे मुख्य प्रयोजन होते. परंतु ग्रँट रोडपासून कुलाब्याची कापूसपेठ काही मैल दूर होती आणि मध्ये दाट वस्तीचे शहर होते. तेथील जमीन विकत घेऊन रूळ टाकणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. राहता राहिला एकच मार्ग, तो म्हणजे पश्चिमेचा समुद्रकिनारा.

येथे रेल्वेचा इतिहास मुंबईच्या एका विलक्षण आर्थिक प्रकरणात गुंतला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाच्या किमती अतोनात वाढल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाला वाट हवी होती, म्हणून नव्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅकबे रेक्लमेशन कंपनी अग्रगण्य होती. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा उथळ किनारा भरून काढावयाचा, त्यातील एक पट्टी रेल्वेला द्यावयाची आणि उरलेली जमीन विकून नफा मिळवावयाचा, असा तिचा मनसुबा होता. तिच्या भागांची किंमत मूळ रकमेच्या कित्येक पट चढली. परंतु एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याचे स्पष्ट झाले आणि कापसाचे भाव कोसळले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये देण्याघेण्याची मुदत भरताच सट्ट्याचा डोलारा खाली आला. प्रेमचंद रायचंदांसारखे बलाढ्य व्यापारीही त्यातून सुटले नाहीत. मात्र त्या दिवाळखोरीतून समुद्रकाठची भरावाची एक पट्टी शिल्लक राहिली. तिच्यावरून रेल्वे दक्षिणेकडे निघाली.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबे नावाच्या स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी आली. दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक, एवढीच ती सोय होती. हे बॅकबे स्थानकही पुढे नामशेष झाले. १८७० साली चर्चगेट आले. ज्या वेशीवरून हे नाव पडले ती वेस किल्ल्याच्या तटाबरोबर काही वर्षांपूर्वीच पाडली गेली होती. १८७३ च्या सुमारास रूळ कुलाब्यास पोहोचले. प्रारंभीचे स्थानक साधे, तात्पुरत्या स्वरूपाचे होते. पुढच्याच वर्षी, ९ मे १८७४ रोजी, घोड्यांच्या ट्रामची वाहतूकही कुलाब्याहूनच सुरू झाली. जेथे काही दशकांपूर्वी ओहोटीची वाट पाहावी लागत असे, तेथून आता एकीकडे ट्राम आणि दुसरीकडे आगगाडी सुटू लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत भव्य वास्तूंची जणू स्पर्धाच लागली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाने बोरीबंदरच्या जुन्या स्थानकाच्या जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडून व्हिक्टोरिया टर्मिनस बांधून घेतले; ते १८८८ साली पूर्ण झाले. प्रतिस्पर्धी कंपनी मागे राहणे शक्य नव्हते. तिनेही त्याच स्टीव्हन्स यांच्याकडे चर्चगेटसमोरील आपल्या मुख्य कचेरीचे काम सोपविले. ती इमारत १८९९ मध्ये उभी राहिली आणि आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय म्हणून वापरात आहे. त्याच सुमारास, १८९६ साली, कुलाब्याचे नवे टर्मिनस वापरात आले. कंपनीची कचेरी चर्चगेटला आणि गाड्यांचा शेवट कुलाब्यास, अशी ती रचना होती. गुजरात, राजपुताना आणि उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारा प्रवासी कुलाब्यास गाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली, पेशावरपर्यंत जाणारी सुप्रसिद्ध फ्राँटियर मेलही येथूनच निघत असे.

एवढे वैभव असताना हे स्थानक कशामुळे संपले? बोटीचा अपघात किंवा पुलाची पडझड यांसारखे एकच कारण येथे दाखविता येत नाही. तीन निरनिराळ्या प्रवाहांनी त्याच्या पायाखालची भूमी हळूहळू खोदून काढली.

पहिला प्रवाह व्यापाराचा. कुलाब्यास १८७५ मध्ये ससून गोदी झाली खरी. परंतु त्यानंतरच्या मोठ्या गोद्या, म्हणजे १८८० ची प्रिन्सेस, १८८८ ची व्हिक्टोरिया आणि १९१४ ची अलेक्झांड्रा, या सर्व शहराच्या पूर्व किनाऱ्यावर झाल्या. जहाजे तिकडे गेली, तसा मालही तिकडे गेला. अखेर १९२० च्या दशकात कापसाची पेठदेखील कुलाबा सोडून शिवडीकडे स्थलांतरित झाली. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन या स्थानकाचे नाव त्या स्थलांतराची खूण आहे. ज्या मालासाठी रूळ कुलाब्यापर्यंत आणले, तो मालच उठून गेला.

दुसरा प्रवाह गाड्यांच्या वाढीचा. ग्रँट रोडच्या दक्षिणेस रेल्वेला मिळालेली पट्टी चिंचोळी होती. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस शहर. उपनगरी प्रवासी वाढू लागले, तशा लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी गाड्या त्याच अरुंद वाटेत एकमेकींना अडवू लागल्या. दूरच्या गाड्या उत्तरेस कोठेतरी थांबवाव्यात आणि दक्षिणेची वाट उपनगरी गाड्यांना मोकळी करून द्यावी, हा विचार त्यातून पुढे आला.

तिसरा प्रवाह सर्वांत प्रबळ होता, तो जमिनीचा. १८६५ साली बुडालेले बॅकबेचे स्वप्न पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत पुन्हा जागे झाले. या वेळी भराव घालणारे स्वतः सरकार होते. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढावयाची योजना होती. काम रखडले, खर्च वाढत गेला, उपसलेला गाळ भरावात टिकेना. वकील व लोकनेते खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर जाहीर टीका केली. हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. योजनेला कात्री लागली. सुमारे ४४० एकरच जमीन तयार झाली आणि तिचा मोठा भाग लष्कराने घेतला. परंतु तेवढ्यानेही रेल्वेचा प्रश्न बदलला. पूर्वी रुळांच्या पश्चिमेस समुद्र होता, तोवर ती पट्टी कोणाच्या आड येत नव्हती. आता पश्चिमेसही जमीन आली आणि चर्चगेट ते कुलाबा हे रूळ जुने शहर व नवी भूमी यांच्यामध्ये कुंपणासारखे आडवे पडले. नव्या भूखंडांना रस्ते हवे होते आणि महागड्या जमिनीवर मालधक्के असावेत हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

यातून निर्णय झाला की उपनगरी गाड्यांचा शेवट चर्चगेटला करावा आणि दूरच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवे स्थानक बांधावे. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केलेले बॉम्बे सेंट्रल अवघ्या एकवीस महिन्यांत बांधून झाले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी उघडले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३१ डिसेंबर रोजी, कुलाबा टर्मिनस बंद करण्यात आले. यातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी याच कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे स्थानकाला नवे यंत्रबळ मिळाले आणि तीन वर्षांच्या आत त्याचा शेवट झाला. वीज आली म्हणून स्थानक जगत नाही. त्याच्याभोवतीच्या जमिनीचे काय करावयाचे, यावर त्याचे आयुष्य ठरते.

कुलाब्याच्या रहिवाशांचे काय झाले? त्यांचे हाल झाले असते. परंतु १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली मोटारबस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावू लागली होती आणि ट्राम तर होतीच. बससाठी रुळांची चिंचोळी पट्टी लागत नाही. रस्ता असेल तेथे ती जाते. ज्या भागात रेल्वे संपली त्याच भागातून बस सुरू व्हावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. तथापि बसने चर्चगेटपर्यंत जाऊन तेथे गाडी पकडणे आणि घराशेजारी गाडीत बसणे यांत फरक आहे. दुरून सकाळी कुलाब्यास कामाला येणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेव्हापासून रोज एक अधिक टप्पा आला. नव्या जमिनीचा लाभ एकाला झाला आणि हा टप्पा दुसऱ्याला सोसावा लागला, याचा हिशेब कोणत्याही जमाखर्चात लिहिलेला नसतो.

स्थानक गेले आणि त्याच्या आवारात पुढे रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत झाली. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष फतेहचंद बधवार यांच्या नावावरून ती बधवार पार्क म्हणून ओळखली जाते. शेजारी कोळ्यांचे मच्छीमारनगर आहे. रेल्वेची मालकी राहिली, पण रेल्वे राहिली नाही.

असा प्रकार केवळ मुंबईतच घडला असे नाही. लंडनचे नाइन एल्म्स स्थानक १८३८ साली उघडले आणि दहाच वर्षांत वॉटर्लू झाल्यावर प्रवाशांसाठी बंद झाले. आपल्याकडील एक अगदी अलीकडचे उदाहरण छत्तीसगडातील रायपूरचे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या अखेरीस, १९०० साली, बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीस जाणारा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू केला; अभनपूरहून त्याचा एक फाटा राजिमला जात असे. लोक त्याला प्रेमाने छोटी रेल म्हणत. शहरालगतचे तेलीबांधा हे त्यावरील स्थानक. हा मार्ग शतकाहून अधिक काळ चालला, म्हणून त्यास अल्पायुषी म्हणता येणार नाही. पण शेवट कुलाब्यासारखाच झाला. शहर वाढत वाढत रुळांच्या दोन्ही बाजूंस पसरले आणि पूर्वी गावाबाहेर असलेला लोहमार्ग भर वस्तीतील अडथळा ठरला. २०१७ साली रायपूर ते तेलीबांधा हा तुकडा बंद झाला. काही काळ गाड्या तेलीबांध्याहूनच सुटत. नंतर त्याही थांबल्या आणि रुळांच्या जागी रुंद रस्ता आला. मार्च २०२५ मध्ये अभनपूरला पुन्हा रायपूरची गाडी मिळाली, ती मोठ्या रुळांवरून आणि नव्या रायपूरच्या वळणाने. तेलीबांध्याला मात्र ती शिवत नाही.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शहराच्या कडेला असलेली जमीन स्वस्त असते, म्हणून रेल्वे तेथे येते. रेल्वेमुळे शहर तेथवर वाढते. शहर वाढले की तीच जमीन महाग होते आणि मग रेल्वेलाच तेथून उठावे लागते. रेल्वेने निर्माण केलेले मूल्यच रेल्वेच्या मुळावर येते. नियोजन करणाऱ्यांनी यावरून रेल्वे हलवूच नये असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बॉम्बे सेंट्रलचा निर्णय वाहतुकीच्या दृष्टीने समर्थनीय होता. पण रुळांची सलग पट्टी ही शहराची दुर्मीळ संपत्ती असते. ती एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही, आणि पुढच्या पिढीला तीच वाट जमिनीखालून, अनेक पटींच्या खर्चाने, खोदावी लागते.

मुंबईत हे प्रत्यक्ष घडले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोचा तिसरा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला आणि जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी शहराच्या त्या कोपऱ्यात पुन्हा आगगाडी आली. ती जुन्या भरावाच्या पट्टीवरून येत नाही. जमिनीच्या पोटातून येते. कुलाबा टर्मिनस अल्पायुषी ठरले, परंतु तेथवर गाडीने पोहोचण्याची लोकांची गरज मात्र अल्पायुषी नव्हती. स्थानके बांधताना आणि विशेषतः मोडताना ही गरज ध्यानात ठेवली जावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.