शेवटच्या खांबापाशीं

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाप्रीत्यर्थ आज येथें पुष्कळ बोलणें झालें. देऊळ कसें उभें राहिलें, घंटा कोणीं दिली, सणाच्या दिवशीं केवढी मिरवणूक निघे, हें सर्व आपण ऐकलें. त्यांत भर घालण्याचें सामर्थ्य आमच्या अंगीं नाहीं. धर्मग्रामांतील आजारी व गरीब यांच्या समाचाराचें काम पाहणारें आमचें लहानसें मंडळ. त्याच्या वतीनें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं अगदीं साधा विषय निवडला, आणि तो म्हणजे रविवार. ७५ वर्षांत देवळाचे मोठे सण ७५ च झाले. रविवार मात्र ३९०० हून अधिक झाले. सणाला सारा गांव लोटतो, पाव्हणे येतात, बँड वाजतो. पण धर्मग्राम जगतो तो रविवारावर. शेतकऱ्याचें घर जसें सणाच्या पक्वान्नावर नव्हे तर रोजच्या भाकरीवर चालतें, तसेंच हें आहे.

आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना वसईचा जुना रविवार आठवत असेल. पहांटेची घंटा झाली कीं वाडीवाडींतून माणसें निघत. केळीच्या बागांमधल्या पायवाटांनीं, लाल लुगडीं नेसलेल्या बाया पुढें आणि मुलें मागें, अशी रांग देवळाकडे येई. मिस्सा लॅटिन भाषेंत चाले. शब्द कळत नसत, म्हणून पुष्कळ जण आपापली जपमाळ ओढीत बसत. तरी घंटी वाजली कीं सर्वांचीं मस्तकें एकदम लवत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधींचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला व लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. त्यानंतर आपली मराठी वेदीपर्यंत पोंचली. मिस्सा आटोपली म्हणजे अंगणांत दुसरी एक सभा भरे. पानवेलीचा भाव, विहिरीचें पाणी, मुलीची सोयरीक, कोण आजारी, कोणाचें भांडण अजून मिटलें नाहीं, हें सर्व तेथें समजे. त्या अंगणांत परका असा कोणी नसेच. आणि म्हणूनच, आपल्या माणसांनीं एकत्र येणें म्हणजे रविवार, अशी आपली समजूत होऊन बसली.

ही समजूत गोड आहे, परंतु ती अपुरी आहे. पहिल्या रविवारची हकीकत आपण लूकच्या शुभवर्तमानांत वाचतों. प्रभूचे दोन शिष्य खिन्न मनानें अम्माऊस गांवाची वाट चालत होते. मार्गांत एक अनोळखी वाटसरू त्यांच्या बरोबरीनें चालूं लागला. संध्याकाळ झाली, तो पुढें जाण्याच्या बेतांत दिसला; तेव्हां त्यांनीं आग्रह करकरून त्याला आपल्या बरोबर ठेवून घेतलें, आणि त्यानें भाकर मोडतांच त्यांचे डोळे उघडले. बंधुभगिनींनो, त्यांनीं आग्रह केला नसता तर? पुनरुत्थित प्रभु अंधारांत पुढें निघून गेला असता, आणि आपल्याबरोबर कोण चाललें होतें हें त्या दोघांना कळलें नसतें.

पुढें इसवी सन १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनीं रोममधील ख्रिस्ती लोकांच्या रविवारचें वर्णन लिहून ठेवलें. शहरांतले आणि खेड्यांतले सर्व एका ठिकाणीं जमत, प्रेषितांच्या आठवणी अथवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, प्रमुख उपदेश करी, सर्व मिळून प्रार्थना करीत, मग भाकर व द्राक्षारस अर्पण होत. हें आपल्या आजच्या मिस्सेसारखेंच आहे. परंतु त्यांनीं आणखी दोन गोष्टी नोंदल्या आहेत. जे गैरहजर असत त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद नेऊन पोंचविला जाई. आणि जो निधि जमे त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान यांच्या बरोबरच गांवांत आलेल्या परक्या माणसाचीहि काळजी वाहिली जाई. जो आला नाहीं तो, आणि जो दुरून आला आहे तो, ह्या दोघांची आठवण ठेवल्यावांचून त्यांचा रविवार पुरा होत नसे.

आपल्या इतिहासांतहि परका काय देऊन जातो हें दिसतें. ज्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठींत 'ख्रिस्तपुराण' रचलें, आणि जें १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापून निघालें, ते जन्मानें इंग्रज होते. आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे जपानांत परकेच होते. त्यांनीं तेथील भाषा आत्मसात केली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर आपला प्राण अर्पण केला. ज्या गांवचा संत परमुलुखांत आपलासा झाला, त्या गांवानें दाराशीं आलेल्याला परका म्हणावें काय?

आतां आमची स्वतःची एक कबुली. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या बागांच्या कडेनें इमारती उठल्या, आणि रविवारीं देवळांत अनोळखी चेहरे दिसूं लागले. केरळहून आलेल्या परिचारिका, तामिळ कुटुंबें, रांचीकडून बांधकामावर आलेले मजूर. आम्ही त्यांना पाहत होतों, पण आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें नव्हतें. २०२३ सालच्या जुलै महिन्यांतील एका रविवारीं दुसरी मिस्सा संपली आणि असा पाऊस कोसळूं लागला कीं ओसरीबाहेर पाऊल टाकणें अशक्य झालें. एका अंगाला आम्ही जुनी मंडळी, दुसऱ्या अंगाला ती नवी मंडळी, असे पाव घटकाभर मुकाट्यानें उभे होतों. इतक्यांत दूरच्या वाडींतून येणाऱ्या एका वृद्ध विधवेनें आम्हांस विचारलें, “बाबांनो, शेवटच्या खांबापाशीं उभा राहणारा तो पोरगा कोठें आहे?”

“कोण पोरगा, मावशी?” आम्ही म्हणालों.

ती म्हणाली, “वर्ष झालें, तो तुमच्या मागें उभा राहतो, आणि तुम्ही विचारतां कोण! पायऱ्या उतरतांना दर रविवारीं तो माझा हात धरतो. दोन रविवार झाले, माझा हात धरायला कोणी नाहीं.”

आजाऱ्यांचा समाचार घेणें हें ज्या मंडळाचें व्रत, त्याला तो आजारी आहे हें ठाऊक नव्हतें. इतकेंच नव्हे, तर तो आहे हेंहि ठाऊक नव्हतें! पलीकडे उभ्या असलेल्या एका मजुरानें मोडक्यातोडक्या मराठींत सांगितलें कीं तो खोलीवर पडून आहे, डोळे पिवळे झाले आहेत, अन्न पोटांत ठरत नाहीं. हें ऐकतांच त्या परिचारिकांपैकीं एक जण न बोलावतां पुढें झाली. पाऊस ओसरतांच ती, तो मजूर आणि आमच्यापैकीं दोघे, असे चौघे निघालों. पत्र्याच्या खोलींत ओल्या जमिनीवर तो निजलेला होता. परिचारिकेनें त्याला पाहून एवढेंच म्हटलें, “रिक्षा आणा.” आणखी विलंब लागता तर काय झालें असतें, तें तिनें मागाहून आम्हांस सांगितलें, तें येथें सांगवत नाहीं.

तीन आठवडे तो रुग्णालयांत होता. दर रविवारीं मिस्सेनंतर फादर त्याला ख्रिस्तप्रसाद नेऊन देत, आणि त्या मावशीच्या घरची पेज डब्यांतून जाई. आम्ही उशाशीं बसूं लागलों तेव्हां आम्हांस त्याचें नांव कळलें, आणि चार पिढ्यांपासून त्याच्या घरीं ख्रिस्ती श्रद्धा नांदत आहे हेंहि कळलें. त्यानें आमच्यापाशीं पैसा मागितला नाहीं. आज कोणतें शुभवर्तमान वाचलें, एवढेंच तो दर खेपेस विचारी. एके दिवशीं आम्हीं त्याला विचारलें, “बांकें रिकामीं असतां तूं खांबापाशीं कां उभा राहत होतास?” तो थोडा संकोचला. मग म्हणाला कीं पहिल्या रविवारीं तो बांकावर बसला होता. कोणीसें खुणेनें सांगितलें कीं ही जागा एका घराची आहे. तो कोणीसा कोण होता हें त्यानें सांगितलें नाहीं. आम्हीहि विचारलें नाहीं. आमच्यापैकींच कोणी असावा, या भीतीनें विचारलें नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. रविवारीं मिस्सेनंतर ओसरीवर चहाची किटली ठेवावयाची, आणि ज्याला आपण ओळखत नाहीं अशा एका तरी माणसाचें नांव विचारल्यावांचून घरीं जावयाचें नाहीं; आणि जो दिसला नाहीं त्याची चौकशी करावयाची. हा नियम आमच्याकडून पुष्कळदां मोडतो. घरीं जेवण वाट पाहत असतें, परक्या भाषेचा संकोच वाटतो. तरी त्यामुळें एक गोष्ट अनुभवास आली. वेदीपुढें “आमचा पिता” असें आपण म्हणतों, त्यांतील “आमचा” ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस ओसरीवर उमगूं लागला आहे. आम्ही श्रद्धा शिकविण्यास गेलों होतों असें नव्हे. ती आम्हांस एका थकलेल्या विधवेनें, एका परप्रांतीय परिचारिकेनें आणि एका मजुरानें शिकविली.

तो मुलगा आतां येथें नाहीं. इमारत पुरी झाली, आणि कामाच्या मागें तो दुसऱ्या शहरीं गेला. तेथेंहि रविवारीं तो कोठल्या तरी देवळांत जात असेल, हें आम्ही खात्रीनें जाणतों. तेथें कोणी तरी त्याला बांकावर जागा करून द्यावी, अशी आमची रोजची प्रार्थना आहे. आणि तशीच कोणा दूरच्या मातेची प्रार्थना आपल्या देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत येऊन पोंचत असेल, हें आपण विसरूं नये.

अमृतमहोत्सवाचे दिवे दोन दिवसांनीं उतरतील. त्यानंतर येणारा रविवार अगदीं सामान्य असेल. त्या दिवशीं, बंधुभगिनींनो, जरा मागें वळून पाहा. पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंती करो. आमेन.