हक्काची वीस मिनिटे

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



'दहावीनंतर काय?' या विषयावर मला बोलण्यास सांगितले आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी त्यावर बोलतोच. मी आज त्यातल्या अशा भागाबद्दल बोलणार आहे, ज्याविषयी आपण घरातसुद्धा हळू आवाजात बोलतो. ज्या मुलाला कमी दिसते, कमी ऐकू येते, ज्याचे पाय साथ देत नाहीत, किंवा डोके तल्लख असूनही लिहिताना ज्याची अक्षरे उलटसुलट होतात, त्याने दहावीनंतर कोठे जावे आणि कसे जावे?

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारले तर इतिहासाचे उत्तर अस्खलित देई. कागदावर मात्र चार ओळींत दहा चुका आणि निम्मा पेपर कोरा. 'आळस सोड, अक्षर सुधार' असा शेरा मी त्याच्या वहीवर लाल शाईने तीन वर्षे मारीत राहिलो. त्याचे वडील रिक्षा चालवीत. तो शेरा वाचून घरी काय होत असे, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. मुलगा दहावीला गणितात राहिला. पुढे एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा आळस नव्हे, ही अध्ययन अक्षमता आहे. बी.एड.ला असताना या शब्दावर मी परीक्षेत टीप लिहिली होती, आणि तिला गुणही चांगले मिळाले होते!

आपल्या महाराष्ट्राने अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या त्या १९९६ साली. म्हणजे माझा विद्यार्थी परीक्षेस बसला तेव्हा ती सवलत जुनीच होती. ती कोणी नाकारली नाही. आम्ही मागितलीच नाही.

म्हणून पालकांनो, थोडा कायदा ऐकून घ्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले, आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पाच टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात, आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट आहे. परीक्षेबाबत केंद्र सरकारने २०१८ साली ठरवून दिले की लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत. तीन तासांच्या पेपरला हा पूर्ण एक तास झाला. ज्याचा पेपर निम्मा कोरा राहतो, त्याला विचारा या तासाची किंमत.

टक्के कमी भरले म्हणून हताश होऊ नका. हात आखडतो म्हणून लिहिता न येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले की लेखनिक मिळण्यास चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. उलट बाजूही पाहा. महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचादोषाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे म्हणून वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला की नुसता आकडा पाहून दार बंद करायचे नाही, हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे तपासायचे.

आता आपल्या घरची गोष्ट. एका भगिनींनी मला सांगितले, "सर, मुलाचे सर्टिफिकेट काढले तर उद्या त्याच्या बहिणीच्या स्थळाला अडचण येईल." त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, आपल्या मोहल्ल्यातली जीभ मलाही ठाऊक आहे. परंतु लपवलेल्या गोष्टीवर कोणताही प्राचार्य सवलत देऊ शकत नाही. मोहल्ला चार दिवस बोलेल, गुणपत्रिका जन्मभर बोलत राहील.

तेव्हा मूल आठवीत-नववीत असतानाच कामाला लागा. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. अध्ययन अक्षमतेसाठी शीवचे लोकमान्य टिळक, नायर आणि केईएम येथे तपासणीचे विभाग आहेत. तेथे तारीख लवकर मिळत नाही, एका फेरीत काम होत नाही. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणाऱ्यास कोण काय देणार? प्रमाणपत्र हाती आले की शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. दहावीची सवलत बारावीला आपोआप मिळेल असे धरून चालू नका. अकरावीत पाऊल टाकताच ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दिव्यांगाचा रकाना कोरा सोडू नका. आपल्यापैकी पुष्कळजण अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घेतात. अवश्य घ्या. प्रवेश कोणत्या कोट्यातून झाला याचा परीक्षेतील सवलतीशी काही संबंध नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. उल्हासनगरहून लोकलने मुंबईला जाऊन त्यांनी झेवियर्स कॉलेजातून बी.ए. केले. कल्याण-ठाण्याची सकाळची गर्दी तुम्हाला माहीत आहे, अधिक सांगत नाही. पुढे दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकल्या. २०१६ साली लागलेल्या निकालात ७७३ वा क्रमांक येऊनही दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या हिशेब सेवेत घेतले गेले नाही. त्या पुन्हा बसल्या, १२४ वा क्रमांक आला, आणि २०१९ साली तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, त्याच्या साहाय्याने त्यांनी अभ्यास केला. झेवियर्समध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे.

सर्वांना झेवियर्स मिळणार नाही. कॉलेज निवडताना कट-ऑफबरोबर जिना पाहा. लिफ्ट आहे का, चालू आहे का, प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर, शौचालय कोठे, हे प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहा. आपल्या शाळेची एक मुलगी कॅलिपर लावून चालते. तिने कल्याणच्या एका कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतला. तिच्या आईने अर्ज दिला, उपप्राचार्यांनी तो वाचला आणि तिच्या तुकडीचा वर्ग तळमजल्यावर आणला. पैसा खर्च झाला नाही, वेळापत्रक तेवढे बदलले. प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या मजल्यावरच आहे. आठवड्यातून दोनदा तिचा भाऊ तिला उचलून वर नेतो. त्याबद्दलचा दुसरा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे, उत्तर यायचे आहे.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षक-खोलीत तासभर बसतो. असतील ते कागद घेऊन या. जन्मदाखला, आधार, जुने केसपेपर, काही नसेल तर नुसते मुलाला घेऊन या. पहिला अर्ज मी लिहून देईन. तो रिक्षावाल्यांचा मुलगाही तेथे येतो. मुंब्र्याला गॅरेजमध्ये काम करून गणित सोडवून घेतले, आणि यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसतो आहे. त्याच्या सवलतीच्या अर्जाची पोचपावती माझ्या पाकिटात आहे.