दारचे हिवाळी पाहुणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



‘माझा विरंगुळा’ या विषयावर प्रत्येक गल्लीतून एकीने दहा मिनिटे बोलावे असे ठरले आणि आमच्या गल्लीतून माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा नळावर पाणी भरताना आपण जशा बोलतो तशीच मी बोलणार आहे.

माझा विरंगुळा म्हणजे थंडीच्या दिवसांत दाराशी येणारी पाखरे पाहणे. कोणी म्हणतील, हे काम शिकल्यासवरल्या, दुर्बीण बाळगणाऱ्या लोकांचे. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब पाहायला लांबलांबून माणसे येतात, हे खरे आहे. तो थाट पाहण्यासारखाच. परंतु पोळ्या, डबे, दळण आणि आलागेला सोडून आपल्याला रोज तिकडे कोण नेणार? सांगायची गोष्ट अशी की, तितक्याच लांबून आलेले पाहुणे आपल्या सोलापुरात, आपल्याच कुंपणावर येऊन बसतात. त्यांच्यासाठी घर सोडावे लागत नाही.

पहिला पाहुणा थिरथिरा. आकार चिमणीएवढा. नराचे डोके, पाठ व छाती काळपट, पोट आणि शेपटी विटकरी. मादी फिकट तपकिरी, मात्र शेपटी तिचीही विटकरीच. बसल्या जागी मान खाली-वर करतो आणि शेपटी सारखी थरथरवतो, म्हणून थिरथिरा. त्याची ओळख मला पुस्तकाने करून दिली नाही. आमच्या शेजारच्या मावशी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. हात चालू, डोळे मोकळे. त्या एकदा म्हणाल्या, “ते थरथर शेपटीचं पाखरू बघा, नवरात्र झालं की येतंय आणि पाडवा झाला की जातंय.” पुढे मुलाने मोबाइलवर चित्र दाखवून नाव सांगितले, पण येण्याजाण्याचा काळ मावशींनी सांगितला तो अगदी बरोबर निघाला. काश्मीर-लडाखच्या उंच डोंगरांत आणि त्याच्याही पलीकडे त्याचे घरटे असते. येथे आला की एक तुकडा आपला मानतो आणि थंडीभर बहुधा तेथेच राहतो.

दुसरा धोबी. याला काही ठिकाणी परीटही म्हणतात. चिमणी टुणटुण उड्या मारते. हा मात्र पावलापुढे पाऊल टाकीत तुरुतुरु धावतो, आणि थांबला की लांब शेपटी खाली-वर आपटतो, जणू दगडावर धुणे चालले आहे. एक पांढरा-काळा असतो, एक पोटाशी पिवळा. पिवळ्याला करडा धोबी म्हणतात, कारण पाठ करडी. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी लिहून ठेवले आहे की, पायात वळे घालून खूण केलेला असा एक धोबी दर हिवाळ्यात मुंबईतल्या त्याच बागेत परत येत राहिला. एवढ्या मोठ्या देशातून नेमकी तीच हिरवळ त्याने ओळखावी! आपल्याला नव्या वस्तीत घर सापडत नाही.

तिसरा बोरू वटवट्या. हा दिसत कमी, ऐकू अधिक येतो. मेंदीच्या कुंपणात लपून जिभेने टाळूला लावल्यासारखा “चक्, चक्” आवाज करतो. रंग मातकट, अंगावर नाव घेण्यासारखी एकही खूण नाही. वजन किती म्हणाल, तर साधारण एक तोळा. आपल्याला तोळ्याचे मोल चांगले ठाऊक आहे. तेवढा तोळाभर जीव रशिया-सायबेरियाच्या मुलखातून दोन पंखांवर येथवर येतो.

भोरड्या तर आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. गुलाबी अंग, काळे डोके व पंख. सायंकाळी त्यांचे थवे आभाळात चादर झटकल्यासारखे वळतात. माझे माहेर मंगळवेढ्याकडचे. शाळू दाण्यात आला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, हे आम्हा पोरींचे काम. तेव्हा भोरडी म्हणजे शत्रू. शेतकऱ्याचे नुकसान ती करते, यात खोटे नाही. पण मध्य आशियातल्या आपल्या मुलखात पिले वाढवताना हीच भोरडी टोळांचा फडशा पाडते, हे आता वाचले, आणि तिच्याकडे पाहण्याची नजर थोडी निवळली.

ही पाखरे थंडीला भिऊन येतात असे आपल्याला वाटते. खरे कारण पोटाचे आहे. तिकडे बर्फ पडले की किडे, अळ्या मिळेनाशा होतात, आणि दिवस इतका लहान होतो की चारा शोधायला वेळ पुरत नाही. निघण्यापूर्वी ती भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवतात. ती त्यांची शिदोरी. लहान पाखरे बहुतेक रात्री उडतात आणि ताऱ्यांवरून दिशा ओळखतात.

यासाठी मी वेगळा वेळ काढत नाही. सकाळी डबे गेल्यावर गोधड्या उन्हात टाकायच्या असतात, तांदूळ निवडायचे असतात. ते काम पायरीवर बसून करावे. हालचाल कमी ठेवावी, बोलू नये. दहा मिनिटांत पाखरे आपल्याला विसरतात आणि आपापल्या उद्योगाला लागतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकटीत “धोबी आला”, “भोरड्या गेल्या” असेही लिहिते. घरच्यांनी प्रथम थट्टा केली. आता मीच लिहायला विसरले तर तेच आठवण करतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचा पलंग मागच्या खिडकीशी लावला होता. बोलणे फार कमी झाले होते. पण सकाळी कूस बदलून दिली की विचारायच्या, “आला का गं तुझा तो?” थिरथिरा समोरच्या दगडावर असला की त्या टक लावून बघत, आणि तेवढ्या वेळात चार घास पेज पोटात जाई. माघात त्या गेल्या. तो पाडव्यापर्यंत त्याच दगडावर येत होता. मी त्या खिडकीचा पडदा अजून लावत नाही.

आपल्या सोलापूरला याचा वारसाही आहे. ‘पक्षिकोश’ लिहिणारे मारुती चितमपल्ली येथेच ५ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मले, आणि १८ जून २०२५ रोजी त्यांनी देहही येथेच ठेवला. झाडापाखरांची पहिली ओळख आपल्याला आईने करून दिली, असे ते सांगत. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. एका आईने मुलाला झाडे-पाखरे दाखवली, त्याचे पुढे केवढे झाले, हे आपण आयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता शेवटी एक विनंती. मंडळाच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा विषय पुढच्या सभेत येणार आहे. पावसाळ्यात तेथे चिखल होतो, वयस्क भगिनींचा पाय घसरतो, हळदीकुंकवाला खुर्च्या मांडता येत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत. खुर्च्या मांडतो, चालतो तेथे ब्लॉक जरूर बसवावेत. परंतु कुंपणालगतची चार फूट माती, मेंदीची रांग, लिंबाचे झाड आणि तो दगडांचा ढीग तसाच ठेवावा. मी सांगितलेल्या पाखरांपैकी तीन तेथेच राहतात. ती किडे खाणारी. आपण टाकलेल्या भातावर ती जगत नाहीत. त्यांचा चारा मातीत आणि पाचोळ्यात असतो. सगळीकडे सिमेंट झाले, तर पुढच्या नवरात्रानंतर ती येतील आणि बसायला जागा सापडणार नाही. दगडांमुळे विंचूकाट्याची भीती वाटणाऱ्यांसाठी ढीग कोपऱ्यात, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर हलवता येईल. मी स्वतः हात लावीन.

याशिवाय घरी करण्यासारखे थोडेच आहे. उथळ परळात रोज ताजे पाणी ठेवावे. पाला जाळण्याऐवजी झाडाच्या बुंध्याशी लोटावा. झाडात पतंगाचा मांजा अडकलेला दिसला तर काढून टाकावा. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी तो सापडतोच.

ज्यांना थिरथिरा पाहायचा असेल त्यांनी कोणत्याही सकाळी आठच्या सुमारास आमच्या मागच्या दारी यावे. चहा होईल. निवडायला तांदूळ मात्र आपले आपण आणावेत!