शेपटीचे न्यायमूर्ती



अठराव्या शतकातले एडिंबरो शहर. न्यायालय सुटले आहे आणि पाऊस पडतो आहे. एक म्हातारे न्यायमूर्ती बाहेर येतात. आपल्याकडच्या मेण्यासारखी बंद खुर्ची घेऊन भोई समोर उभे आहेत. न्यायमूर्ती डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा टोप काढतात, तो तेवढा खुर्चीत ठेवून घरी धाडतात आणि आपण भिजत पायी निघतात! ही आठवण जेम्स बर्नेट यांची सांगतात. त्यांचा जन्म १७१४चा. अ‍ॅबर्डीनला शिक्षण झाले, हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला ते रोमन कायदा शिकले, १७३७ साली वकील झाले आणि १७६७ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती. तिथे न्यायमूर्तीला लॉर्ड म्हणायची आणि बहुतेकांनी आपल्या जहागिरीचे नाव लावायची रीत होती. म्हणून हे झाले लॉर्ड मॉनबोडो.

ग्रीक आणि रोमन लोक म्हणजे त्यांचे दैवत. त्या लोकांनी जे केले नाही ते आपण का करावे? म्हणून गाडीत बसायचे नाही. लंडनला जायचे तेही घोड्यावरून, अगदी म्हातारपणीसुद्धा. सकाळी उठून उघड्या अंगाने थंड हवा घ्यायची. न्यायालयात इतर न्यायमूर्तींच्या शेजारी न बसता ते खाली कारकुनांच्या टेबलाशी बसत. घोड्यावरून झालेल्या एका खटल्यात स्वतःच हरल्याचा हा राग होता म्हणे!

पण त्यांची खरी ख्याती झाली, आणि टवाळीही झाली, ती १७७३ पासून निघू लागलेल्या त्यांच्या ग्रंथामुळे. भाषेचा उगम आणि तिची वाढ या विषयावर त्यांनी सहा खंड लिहिले. भाषा माणसाला जन्मतः मिळालेली नाही, समाजात राहता राहता त्याने ती सावकाश घडवली, असे त्यांचे म्हणणे. ओरांगउटान हाही माणूसच, फक्त त्याला अजून बोलता येत नाही, असेही त्यांनी लिहिले. संस्कृत आणि ग्रीक यांच्या नात्याचेही त्यांना कुतूहल होते. कोलकात्याच्या विल्यम जोन्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. डार्विनच्या शंभर वर्षे आधीचा हा माणूस! मात्र एका स्वीडिश खलाशाने निकोबार बेटांवर शेपटीवाली माणसे पाहिल्याचे लिहून ठेवले होते, त्यावरही त्यांनी विश्वास ठेवला. मग काय विचारता? लोकांनी सहा खंड बाजूला ठेवले आणि शेपटी तेवढी धरली. त्यांचे सहकारी लॉर्ड केम्स त्यांना दारातून आधी जाण्याचा आग्रह करीत. का, तर मागून शेपटी दिसावी म्हणून!

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, की वानराला भाऊ म्हणणारा हा न्यायमूर्ती माणसामाणसांत तरी भेद करणार नाही. १७७८ साली त्याची परीक्षा झाली.

जोसेफ नाइट हा आफ्रिकेतून लहानपणीच गुलामांच्या जहाजावर चढवलेला मुलगा. जमैकात जॉन वेडरबर्न यांनी त्याला विकत घेतले आणि पुढे स्कॉटलंडमध्ये पर्थजवळच्या आपल्या घरी आणले. तिथे तो लिहावाचायला शिकला, घरातल्याच एका मोलकरणीशी त्याने लग्न केले. इंग्लंडमध्ये १७७२ साली सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या बाजूने निकाल लागल्याचे त्याने वर्तमानपत्रात वाचले आणि मालकाला सोडून जायचे ठरवले. मालकाने त्याला पकडवले. पहिल्या पायरीवर नाइट हरला. पर्थच्या शेरिफपुढे मात्र तो जिंकला, आणि वेडरबर्न वरिष्ठ न्यायालयात गेले. जमैकाचा गुलामगिरीचा कायदाच अन्याय्य आहे, स्कॉटलंडमध्ये तो चालणार नाही, असा निर्णय तिथे बहुमताने झाला. शेपटीवरून थट्टा करणारे लॉर्ड केम्स नाइटच्या बाजूने होते. विरुद्ध मत देणाऱ्या चौघांत एक होते लॉर्ड मॉनबोडो.

असे का व्हावे? ते दुष्ट नव्हते. माझ्या मते ते आपल्या पुस्तकांशी प्रामाणिक राहिले. ज्या ग्रीक-रोमनांना त्यांनी गुरू मानले, त्यांच्या समाजात गुलाम हा गृहीतच होता. ओरांगउटान हा विचाराचा विषय होता, तिथे ते मोकळे होते. नाइट मात्र न्यायालयात दाद मागत होता, आणि तिथे त्यांनी जुनी पोथी उघडली.

पुढचे आयुष्य सुखाचे गेले नाही. पत्नी आणि मुलगा आधीच गेले होते. १७९० साली लाडकी मुलगी एलिझाबेथ क्षयाने गेली. रॉबर्ट बर्न्सने तिच्यावर विलापिका लिहिली. १७९९ साली ते स्वतः वारले.

नाइटच्या निकालाआधीचा, १७७३ सालच्या ऑगस्टमधला एक प्रसंग बॉसवेलने लिहून ठेवला आहे. कोशकार डॉ. जॉन्सन आणि बॉसवेल मॉनबोडोंच्या घरी जेवून निघाले. वाट दाखवायला सोबत गोरी नावाचा त्यांचा काळा नोकर दिला होता. स्कॉटलंडच्या या उत्तरेकडच्या भागात एक आफ्रिकी माणूस अगदी तिथल्याच माणसांसारखा वागतो-बोलतो, याचे बॉसवेलला नवल वाटले. निरोप घेताना जॉन्सननी त्याला ‘मिस्टर गोरी’ अशी हाक मारली आणि बाप्तिस्मा झाला आहे का, असे विचारले. झाला आहे, गोरी म्हणाला. जॉन्सननी त्याच्या हातावर एक शिलिंग ठेवला, आणि तो परत धन्याच्या घराकडे वळला.