अहवाल सामान्य आहे

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यावर माणसाची छापील कागदावर श्रद्धा बसते. माझीही बसली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी दिल्लीत माझ्या पत्नीच्या रक्ततपासणीचा अहवाल आला आणि त्यावरील प्रत्येक आकडा मर्यादेत आढळला, तेव्हा मी तो निकालपत्रासारखा तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "अहो, मग हा कागद बरा आहे. मी बरी नाही."

तिची तक्रार काल्पनिक नव्हती. दिल्लीच्या जून महिन्यातील काहिलीत तिला पंख्याखाली चादर लागे; केस विंचरताना हाताशी पुंजके येत; दुपारी चारच्या सुमारास ती भिंतीला टेकून बसे. तिच्या आईला थायरॉइडचा विकार होता, त्यामुळे संशय तिकडेच वळला. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, वयाचा उल्लेख केला आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. खरे सांगायचे तर मीही मनातून त्यांच्याच पक्षाला होतो.

त्या कागदाचा अर्थ समजून घेण्याची बुद्धी मला पुढे झाली. गळ्याच्या पुढच्या भागातील ही ग्रंथी थायरॉक्सिन निर्माण करते. ते कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडून तिला तगादा लावते. आमच्या खात्यातील स्मरणपत्रांचा प्रकार हाच. काम जितके तुंबलेले, तितकी स्मरणपत्रे जास्त. पण स्मरणपत्रे पाठविणारे कार्यालयच झोपले असेल तर? तेव्हा टीएसएच सामान्य दिसूनही थायरॉक्सिन कमी असू शकते. असे क्वचित घडते. परंतु ते ओळखण्यासाठी मुक्त टी-४ हा दुसरा आकडाही पाहावा लागतो.

आणि ०.४ ते ४ ही सर्वसाधारण मर्यादा तरी कशी ठरते? निरोगी म्हणून निवडलेल्या पुष्कळ माणसांचे रक्त तपासून दोन्ही टोकांचे शेकडा अडीच वगळतात. उरलेले पंचाण्णव ते सामान्य. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डेन्मार्कमधील १६ निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दरमहा तपासले होते. प्रत्येकाचे आकडे छापील मर्यादेच्या साधारण निम्म्याच पट्ट्यात फिरत होते. पत्नीचा आकडा ३.६ होता. तो तिचा नेहमीचा की वाढलेला, हे कोण सांगणार? ती बरी असताना तिचे रक्त कोणी तपासलेच नव्हते.

एवढे वाचल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सरळ थायरॉक्सिनची गोळी सुरू करावी, असे मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना सुचविले. त्यांनी मला थांबविले. ग्लासगो येथे हाच प्रश्न घेऊन झालेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला आहे. लक्षणे आहेत पण अहवाल सामान्य आहेत, अशा रुग्णांना थायरॉक्सिन आणि नुसती औषधहीन गोळी आळीपाळीने दिली. थायरॉक्सिन काही सरस ठरले नाही. शिवाय त्याची मात्रा अधिक झाली तर छातीत धडधडते आणि हाडे झिजतात.

बाईंनी पत्नीला मात्र अर्धा तास बोलू दिले. केसांसाठी ती जी गोळी घेत होती तिच्यात बायोटिन निघाले. तपासणीच्या काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच आणि टी-४ चे आकडे चुकतात. ती गोळी काही दिवस बंद ठेवून पुन्हा सकाळी रक्त दिले. आकडे मर्यादेतच! या वेळी मला त्याचा आनंद झाला नाही. पण बाईंनी मासिक पाळीविषयी विचारले, जे आधी कोणीच विचारले नव्हते, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासण्यास सांगितले. हिमोग्लोबिन काठावर टिकून होते. साठा जवळजवळ रिता होता. लोह कमी पडले तरी थकवा येतो, थंडी वाजते, केस गळतात.

लोहाच्या गोळ्या सुरू होऊन आता सात महिने झाले. दुपारची भिंत सुटली आहे. केस अजून गळतात. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे थोडी आढळली, म्हणून दरवर्षी टीएसएच पाहावयाचे ठरले आहे. ते आकडे ती एका वहीत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवते. वही मागितली तर दाखविते. अहवालाचा अर्थ मात्र आता मला विचारीत नाही.